मालाच्या गाडींत माणसें

प्रतिवर्षीं क्रीडास्पर्धांचे, सहलींचे व नाताळाचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या शाळेंत एक प्रश्न हटकून विचारला जातो: "सर, गाडी कोणाची?" येथें गाडी म्हणजे बस नव्हे, हें विचारणारास व उत्तर देणारास दोघांसही ठाऊक असतें. कोणा पालकाची कांदे वाहणारी पिकअप, कोणाचा 'छोटा हत्ती', कोणाचा भाजीबाजाराचा टेम्पो, अशी एखादी गाडी मिळते. तिच्या हौद्यांत सतरंजी पसरली जाते, मागचा फाळका वर करून सांखळी अडकविली जाते, आणि वीस-पंचवीस मुलें गात, ओरडत, वाऱ्यावर केस उडवीत मार्गस्थ होतात. ह्या प्रवासाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. ते कित्येकांस रुचणार नाहींत. परंतु वार्षिक अंकांत केवळ गोड तेंच लिहावें, असा नियम असल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं.

प्रथम मुलांची बाजू त्यांच्याच वतीनें मांडूं. उघड्या हौद्यांत उभें राहून जाण्यांत आनंद आहे, हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. बंद गाडीच्या खिडकींतून जग तुकड्यातुकड्यांनीं दिसतें. हौद्यांतील मुलास दोन्ही बाजूंचीं शेतें, वरचें आकाश आणि मागें पळणारा रस्ता, हें सर्व एकदम दिसतें. शेजाऱ्याच्या खांद्यावर हात असतो, तोंडांत गाणें असतें, आणि शिक्षक पुढें बसलेले असल्यामुळें घटकाभर कोणी दटावणारें नसतें. बाजाराच्या दिवशीं मालट्रकच्या हौद्यांत, मिरच्यांच्या पोत्यांवर बसून आम्हीही लहानपणीं गेलों आहों, आणि त्या प्रवासाची आठवण आजही गोड वाटते. म्हणूनच ह्या विषयावर बोलतांना मन कचरतें; कारण गोड वस्तूंतील दोष दाखविणारा मनुष्य कोणासही प्रिय होत नाहीं.

तथापि तीन वर्षांपूर्वींची एक संध्याकाळ आम्हांस गप्प बसूं देत नाहीं. तालुक्याच्या ठिकाणीं खो-खोचे सामने होते. आमचा संघ अंतिम सामना जिंकून परत निघाला होता. एका पालकांनीं मोठ्या प्रेमानें आपली पिकअप दिली होती व भाड्याचा एक पैसाही घेण्याचें नाकारलें होतें. हौद्यांत बावीस मुलें होतीं. अंधार पडूं लागला होता. एका वळणावर शेतांतून म्हैस रस्त्यावर आली. चालकानें ब्रेक दाबतांच मुलें एकमेकांवर पुढें कोसळलीं, आणि गाडीनें पुनः वेग घेतांच तींच मुलें मागें फेकलीं गेलीं. त्या भारानें फाळक्याची एक सांखळी निसटली, आणि सातवींतील एक मुलगा रस्त्याच्या कडेला पडला. मुरुमाच्या ढिगावर पडला म्हणून तो वांचला. हात मात्र मनगटाजवळ मोडला, आणि कपाळावरची खूण जन्मभर राहील.

त्या वेळीं आम्ही कोठें होतों, असें कोणी विचारील. आम्ही पुढें, चालकाजवळ, गादीवर बसलों होतों. वारा थंड होता म्हणून काचही वर केली होती. ही गोष्ट लिहिणें सुखाचें नाहीं. पण ती लिहिल्यावांचून पुढील मजकूर लिहिण्याचा आम्हांस अधिकार पोंचत नाहीं.

दवाखान्यांतून त्या मुलास घेऊन रात्रीं त्याच्या घरीं गेलों, तेव्हां बोलणीं ऐकण्याची मनाची तयारी करूनच गेलों होतों. त्याची आई मोलमजुरी करणारी. तिनें मुलाचा गळ्यांत अडकविलेला हात पाहिला, पदर डोळ्यांस लाविला, आणि ती आम्हांस म्हणाली, "सर, तुम्ही संगं होता म्हणून माझं लेकरू वाचलं." त्या माउलीनें आम्हांस चार कठोर शब्द सुनावले असते, तर त्या रात्रीं आम्हांस झोंप तरी आली असती.

तेव्हांपासून गति व जडत्व हा धडा शिकवितांना आम्ही हौद्याचेंच उदाहरण देतों. ताशीं ४० किलोमीटर वेगानें चाललेली गाडी दर सेकंदास सुमारें ११ मीटर पुढें जाते. हौद्यांतील मुलगा स्वस्थ उभा असला तरी त्याच्याही अंगीं तोच वेग असतो, आणि गाडी अडली म्हणून तो अडत नाहीं. न्यूटनचा पहिला नियम परीक्षेपुरता पाठ करणाऱ्या मुलांनीं तो येथें आठवावा. इतका वेग अंगीं येण्यास वस्तूला सुमारें ६ मीटर, म्हणजे २० फूट उंचीवरून खालीं पडावें लागतें. ही दुमजली घराच्या गच्चीची उंची झाली. वेग ६० किलोमीटर झाला कीं तीच उंची १४ मीटरांवर, म्हणजे चार मजल्यांच्याही वर जाते. मुलगा गच्चीच्या कठड्यावर चढून बसला तर आई किंचाळते; तोच मुलगा धांवत्या गाडीच्या फाळक्यावर बसला, तर तीच आई हात हालवून त्यास निरोप देते. दोन्ही ठिकाणीं धोका सारखाच आहे. परंतु एक उंची डोळ्यांस दिसते व दुसरी दिसत नाहीं, एवढाच काय तो भेद.

दुसरी गोष्ट तोलाची. पंचवीस माणसांचें वजन दर माणशीं ५० किलो धरलें तर १२५० किलो होतें. "एवढा माल तर मी रोज नेतों," असें चालक म्हणतो, आणि तें खोटेंही नसतें. परंतु कांद्याचीं पोतीं हौद्याच्या तळाशीं पडून राहतात. माणसें उभीं राहतात. त्यामुळें सर्व भाराचा गुरुत्वमध्य वर चढतो. शिवाय वळण आलें कीं सर्वजण एकाच बाजूस झुकतात, म्हणजे गाडीस ज्या क्षणीं स्थिर भाराची गरज असते, नेमका त्याच क्षणीं भार हालतो. पोतीं गात नाहींत, नाचत नाहींत, आणि जवळून जाणाऱ्या मित्रास पाहून एका कडेला धांवत नाहींत. मालासाठीं बनविलेली गाडी मालास सुरक्षित असते, म्हणून ती माणसासही सुरक्षित असेल, हें अनुमान तर्कशास्त्रांत टिकणारें नव्हे.

ह्या गाडीचा जन्मही मालासाठींच झाला. अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या 'मॉडेल टी' गाडीस मागें उघडा हौदा जोडून ती कारखान्यांतूनच तयार स्वरूपांत विकावयास काढली. शेतकऱ्यानें धान्य, अवजारें व दुधाचे डबे न्यावे, हा तिचा हेतु होता. पुढें त्या देशांतही शेतकऱ्यांचीं मुलें हौद्यांत बसून हिंडूं लागलीं, आणि "परदेशांतही बसतातच कीं," असें आमचे कांहीं विद्यार्थी चित्रपट पाहून आम्हांस सांगतात. बसतात हें खरें. परंतु त्याच देशांतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेनें २००० सालीं स्पष्ट मत दिलें कीं, मुलांस हौद्यांत बसविण्यास बंदी करणें हाच त्यांस वांचविण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय होय. परक्यांची हौस उचलावयाची व त्यांस ठेंच लागून आलेलें शहाणपण मात्र तेथेंच ठेवावयाचें, हा व्यवहार आपल्या हिताचा नाहीं.

आपल्याकडील ठेंचाही कांहीं थोड्या नाहींत. ११ ऑगस्ट २०२५ हा श्रावणी सोमवार होता. पुणें जिल्ह्यांतील खेड तालुक्यांत पाईट गांवाजवळ, कुंडेश्वराच्या दर्शनास निघालेल्या स्त्रियांची पिकअप चढावरील वळणावर रस्ता सोडून खालीं कोसळली, आणि किमान दहाजणींचा अंत झाला. त्यापूर्वीं २० मे २०२४ रोजीं छत्तीसगडांतील कबीरधाम जिल्ह्यांत तेंदूची पानें गोळा करून परतणाऱ्या बैगा आदिवासींची पिकअप दरींत उलटली. एकोणीसजण दगावले, त्यांत बहुतेक स्त्रियाच होत्या. त्याच वर्षीं फेब्रुवारीच्या अखेरीस मध्यप्रदेशांतील दिंडोरी जिल्ह्यांत, गर्भवतीच्या ओटीभरणाच्या समारंभाहून परतणारी पिकअप उलटून चौदाजण गेले. एकींत देवदर्शन होतें, दुसरींत पोटाची खळगी होती, तिसरींत येणाऱ्या बाळाचा आनंद होता. ह्यांपैकीं कोणीही मरणाशीं खेळावयास निघालें नव्हतें. जी गाडी मिळाली तींत तीं माणसें बसलीं होतीं, इतकेंच.

पालकांनीं कायद्याची एक बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. मालवाहू गाडींत प्रवासी नेण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें मुभा नाहीं, हें बहुतेकांनीं ऐकलेलें असतें. पोलिसानें अडविलें तर दंड भरूं, एवढाच त्याचा अर्थ ते घेतात. खरा घाव निराळाच आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं असा निर्णय दिला कीं, मालवाहू गाडींत फुकट बसविलेल्या प्रवाशाच्या नुकसानभरपाईची जबाबदारी कायद्यानें विमा कंपनीवर येत नाहीं. मालाचा धनी किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधि मालाबरोबर असेल, तर गोष्ट वेगळी. खो-खोचा संघ हा कोणाच्याही मालाचा प्रतिनिधि नव्हे. म्हणजे अपघात झाला, तर ज्या सज्जन गृहस्थानें प्रेमानें गाडी दिली, त्याच्या घरादारावर तो बोजा पडावयाचा, आणि ज्याचें मूल गेलें किंवा पांगळें झालें, त्याच्या हातीं बहुधा कांहींच यावयाचें नाहीं. उपकार करणारा व उपकार घेणारा दोघेही एकाच खड्ड्यांत पडतात. असा उपकार न मागणें हीच त्या गृहस्थाशीं खरी मैत्री होय.

ह्यावर जीं उत्तरें आम्हांस नेहमीं मिळतात, त्यांचा विचार करणें न्यायाचें होईल. पहिलें उत्तर, "आजवर कांहीं झालें नाहीं." हें आमचेंही उत्तर होतें, त्या संध्याकाळपर्यंत. दुसरें, "आम्ही हळू चालवितों." म्हशीनें हळू यावें, समोरच्या ट्रकनेंही हळू यावें, ही व्यवस्था कोणी केली आहे? तिसरें उत्तर श्रद्धाळू माणसांचें: "देव राखतो." ह्याविषयीं ख्रिस्ती शिक्षक ह्या नात्यानें आम्हांस थोडें बोलणें प्राप्त आहे. प्रभु येशूस सैतानानें मंदिराच्या शिखरावर नेलें व खालीं उडी टाकण्यास सांगितलें, कारण देवदूत झेलतील, असें त्याचें म्हणणें होतें. प्रभूनें ती उडी टाकली नाहीं. देवावर भरवसा ठेवणें निराळें आणि त्याची परीक्षा पाहणें निराळें, हाच त्या प्रसंगाचा बोध आहे. आमचे हिंदु व मुसलमान पालकबंधूही आपापल्या धर्माच्या आधारें हेंच सांगतील, अशी आमची खात्री आहे. देवानें राखण्यासाठींच आपणांस बुद्धि दिली; ती घरीं ठेवून प्रवासास निघावें आणि वाटेंत देवास हांक मारावी, ही भक्ति नव्हे.

चौथें उत्तर मात्र असें आहे कीं, त्यापुढें आम्ही मान खालीं घालतों. "सर, बसच येत नाहीं, तर काय करावें?" महाराष्ट्रांत एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास गेली. ह्या महामंडळानें खेड्यापाड्यांतील मुलांस शाळा दाखविली, हें ऋण आमच्यासारख्या शिक्षकांनीं तरी विसरूं नये. मार्च २०२३ पासून स्त्रियांस एस.टी.चें अर्धेंच तिकीट पडूं लागलें, आणि शाळेंत जाणाऱ्या मुलींसाठीं मोफत पासाची योजना आहे. परंतु जी गाडी फांट्यावर येतच नाहीं, तिचें तिकीट अर्धें असलें काय आणि पूर्ण असलें काय! ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ ह्या काळांत कामगारांचा दीर्घ संप चालला, तेव्हां वाडीवस्तीच्या मुलांचे हाल आम्हीं डोळ्यांनीं पाहिले आहेत.

तसेंच दसरा-दिवाळी उलटली कीं बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांचीं कुटुंबें ट्रकांतून व ट्रॅक्टरच्या ट्रॉलींतून कारखान्यांकडे निघतात. भांडीं, सरपण, कोंबड्या व लेकरें एकाच ढिगावर बसलेलीं असतात. आमच्या वर्गांतील कांहीं बांक त्या आठवड्यांत रिकामे होतात. त्या आईबापांस दोष देण्याचें धाडस आम्ही कधींही करणार नाहीं. ज्यास दुसरी वाट नाहीं, त्यास वाटेचा धोका समजावून सांगणें ही थट्टा होय. दोष त्यांचा, ज्यांच्या हातीं वाट करून देणें आहे. आणि दोष आम्हां लोकांचा, ज्यांस दुसरी वाट असतांही आळसानें किंवा चार पैसे वांचविण्यासाठीं आम्ही हौदाच निवडतों. आमच्या शाळेस वाट होती. शालेय सहलींसाठीं एस.टी. सवलतीच्या दरानें गाडी देते. आठ दिवस आधीं आगारांत अर्ज नेऊन द्यावयाचा होता. तो अर्ज आम्हीं लिहिला नाहीं.

आतां ज्या गोष्टीनें आमचें मन सर्वांत अधिक टोंचलें, ती सांगतों. कोणतीही अशी गाडी रस्त्यानें जातांना पाहावी. पुढें गादीवर कोण बसलें आहे? गाडीचा धनी, गांवांतील प्रतिष्ठित गृहस्थ, शिक्षक, पाहुणे. मागें हौद्यांत कोण? स्त्रिया, मुलें, मजूर. ज्याचा शब्द चालतो तो आंत, ज्याचा चालत नाहीं तो बाहेर. ही वांटणी कोणी मुद्दाम करीत नाहीं. ती आपोआप होते, आणि म्हणूनच ती अधिक भयंकर आहे. चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त आम्ही दरवर्षीं शिकवितों. त्या परक्या वाटसरूनें जखमी मनुष्यास आपल्या स्वतःच्या जनावरावर बसविलें. वाहन एकच होतें, आणि तें त्यानें दुर्बळास दिलें. हा पाठ वर्गांत रंगवून सांगणारे आम्ही त्या थंड संध्याकाळीं काच वर करून गादीवर बसलों होतों, आणि आमच्या हवालीं केलेलीं लेकरें मागें लोखंडाच्या पत्र्यावर उभीं होतीं. माणसास मालाच्या जागीं बसविलें कीं हळूहळू त्याची किंमतही मालासारखी होऊं लागते. किंबहुना मालाहून कमी, कारण मालाचा विमा असतो.

म्हणून आमची पालकांस, सहकारी शिक्षकांस व विद्यार्थ्यांस नम्र सूचना अशी आहे. शाळेच्या नांवानें निघणारा एकही मुलगा किंवा मुलगी ह्यापुढें हौद्यांत बसूं नये. सामना असो, सहल असो, नाताळाची गीतफेरी असो. बसची सोय झाली नाहीं, तर संघानें त्या सामन्यास मुकावें. एका ढालीपेक्षां एक मनगट मोठें आहे. पालकांनीं मुलास कोठेंही धाडतांना "कोण कोण आहे?" हें जसें विचारावें, तसेंच "कोणत्या गाडींत?" हेंही विचारावें. लग्नकार्याच्या घरांनीं मांडव व जेवणावळ ह्यांच्या खर्चाबरोबर वऱ्हाडाच्या बसचा खर्च आधींच धरावा. पाहुण्यांस पंक्तींत आग्रह करून वाढावयाचें आणि परतीच्या रात्रीं हौद्यांत कोंबावयाचें, ह्यास आतिथ्य म्हणत नाहींत. आणि ज्या गांवांत बस येत नाहीं, तेथील पालकांनीं ग्रामसभेंत ठराव करून तो आगारांत न्यावा. अर्जाचा मसुदा लिहून देण्यास व बरोबर येण्यास आम्ही तयार आहों. तें काम आम्हीं एकदां टाळलें, पुनः टाळणार नाहीं.

विद्यार्थीहो, शेवटचा शब्द तुमच्याशीं. वडील माणसें "चढ रे वर" म्हणाली असतां "मी बसणार नाहीं" असें म्हणणें कठीण असतें, हें आम्ही जाणतों. मित्र भित्रा म्हणतील, काका रागावतील. तरी नम्रपणें तसें म्हणा. वडिलांचा मान राखून नाहीं म्हणतां येतें. तें शिकणें हेंही शिक्षणच आहे. शिक्षक चढावयास सांगतील तर शिक्षकांसही नाहीं म्हणा, आणि ह्या लेखाकडे बोट दाखवा.

तो मुलगा आतां दहावींत आहे. त्याचा हात बरा झाला आणि तो पुनः खो-खो खेळतो. गेल्या डिसेंबरांत संघ सामन्यास निघाला तेव्हां शाळेच्या दारांत एस.टी.ची गाडी उभी होती. तो खिडकीजवळ बसला, त्याच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि त्यानें आम्हांस हांक मारली, "सर, इथं या." आम्ही त्याच्याजवळ जाऊन बसलों. वाटेंत मुलांनीं गाणीं म्हटलीं. वारा खिडकींतूनही पुरेसा येत होता.